जयपूरची अकरा यंत्रं आणि माझं एक

जयपूरला चार दिवस राहून आलो आणि हवामहाल पाहिला नाही, हे कळल्यावर आमच्या सोसायटीतल्या लोकांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरलेलो नाही. आमेरचा किल्ला? नाही. जंतरमंतर? तेही नाही. मग पाहिलंस तरी काय? मी म्हणालो, अकरा जुने संगणक पाहिले. त्यानंतर कुणी काही विचारलं नाही.

पण ज्यांनी विचारलं नाही त्यांच्यासाठीच हे लिहितो आहे. जाताना माझ्या सामानात लॅपटॉप, मफलर, दोन स्वेटर आणि वसुधा गावंडेबद्दलचा हेवा एवढं होतं. परत आलो तेव्हा एक स्वेटर तिकडेच राहिला. बाकीचं सगळं जसंच्या तसं आलं.

वसुधा माझी पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली वर्गमैत्रीण. तिचे वडील मूळचे अकोल्याचे, विमा कंपनीत अधिकारी. बदली होऊन जयपूरला गेले आणि तिथेच राहिले. शिकून झाल्यावर वसुधाही परत गेली आणि तिकडच्या एका कॉलेजात शिकवू लागली. कॉलेजात असताना ती माझी प्रॅक्टिकलची जर्नलं उतरवून काढायची. हे मी चार दिवसांत कुणालाही बोलून दाखवलं नाही, पण मनात दिवसातून दहादा म्हटलं.

आता कामाचं सांगतो. संगणक सुरू केला की सगळ्यांत आधी जागा होऊन बाकीच्यांना कामाला लावतो तो ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल. आमच्या मुक्त सिस्टिमचा कर्नल जगभरचे लोक मिळून लिहितात. त्यात रोज नवे बदल येतात आणि कुणाचा बदल कुणाच्या यंत्राला आडवं पाडेल हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसतं. म्हणून काही हौशी लोक आपापल्या यंत्रावर रोजचा नवा कर्नल उतरवतात, तो बांधतात, म्हणजे यंत्राला चालवता येईल असा तयार करतात, यंत्र पुन्हापुन्हा सुरू करून पाहतात आणि काही बिघडलं तर लिहिणाऱ्यांना कळवतात. मीही पुण्यात दोन वर्षं हेच करत होतो. सगळं आपोआप करणारा प्रोग्राम मी एकट्यानं लिहिला होता. माझा प्रोग्राम उत्तम होता. पण परदेशातली मंडळी ई-मेलच्या टपालयादीवर आभार मानायची ते 'जयपूरच्या लोकांचे', म्हणजे वसुधाच्या गटाचे. दर वेळी ते वाचलं की माझ्या पोटात दुखायचं.

दोन हजार सात सालच्या संक्रांतीच्या थोडं आधी वसुधाचं पत्र आलं. 'तुझा प्रोग्राम आमच्या लोकांना दाखव ना. चार दिवस ये.' मी लगेच तिकीट काढलं. दाखवायचं तर होतंच, पण त्याहून जास्त मला त्यांचं बघायचं होतं. इतकं काय आहे त्यांच्याकडे?

गुरुवार, मानसरोवर

स्टेशनवर स्वतः गावंडेकाका आले होते. सत्तरीला टेकलेले, अंगात जाड कोट, कानाला मफलर गुंडाळलेला. माझी बॅग हातातून ओढून घेत म्हणाले, "या जी श्रीकांतराव. थंडी लागून राह्यली ना? घरी गेल्यावर पयले चहा, मंग बाकीचं."

मानसरोवर वसाहतीतलं त्यांचं घर बैठं, वर सपाट गच्ची. पुण्यात माझ्याकडे कुणी यायचं तर आधी फोन करतं. या घरी तासाभरात तीन शेजारी न सांगता आले, चहा प्यायले आणि जाता जाता बैठकीतल्या यंत्राकडे बघून "आज गिरा क्या, अंकलजी?" असं विचारून गेले. माझ्या पुण्याच्या यंत्राची अशी विचारपूस अख्ख्या दोन वर्षांत कुणी केली नव्हती. माझी बायको त्याला 'ते घरघरणारं' म्हणते.

काकांचं यंत्र लाकडी बाकावर होतं, डबा उघडा, पोटातल्या वायरी दिसताहेत. शेजारी दोऱ्यानं पेन्सिल बांधलेली एक लांबोडकी वही. काकू गेल्यावर काकांना काहीतरी उद्योग हवा म्हणून वसुधानं हे यंत्र घरात आणलं होतं. आता काका रोज सकाळी आंघोळ करून त्याच्यापुढे बसायचे आणि विम्याच्या फायली जशा ठेवायचे तशी ही वही ठेवायचे. आणि लाईट जात नाही म्हणे फारशी! आमच्याकडे भारनियमनाच्या वेळा बघून मला कर्नल बांधावा लागे. याचाही मला राग आला.

"आता पाहा," काका म्हणाले आणि यंत्र सुरू केलं. एकदा सुरू झालं, दुसऱ्यांदा झालं. चौथ्या वेळी काळ्या पडद्यावर एक ओळ आली आणि यंत्र थबकलं. सापडत नाही, असं ते सांगत होतं, म्हणजे स्वतःच्याच पोटातली हार्ड डिस्क त्याला दिसत नव्हती.

"पाच-सात वेळा चालू केलं का एकदा असं होते," काका म्हणाले. "नवीन कर्नल आल्यापासून. जुन्यावर होत नाही. मी मधला मधला कर्नल घेऊन पाहून राह्यलो का कोणत्या दिवशीच्या बदलानं झालं. एक बांधाले तीन तास लागते. आता अकरा झाले."

अर्ध्यावर यायचं, मग त्याच्या अर्ध्यावर, असं करत नेमका दोषी बदल गाठायचा ही आमची नेहमीची रीत. पण जो बिघाड कधी होतो आणि कधी होत नाही त्याच्यामागे असं लागणं म्हणजे जीव काढणारं काम. दर टप्प्याला काका वाकून, गुडघ्यावर हात ठेवून, तीस-तीस वेळा यंत्र बंद-चालू करत होते. वहीत रेघा होत्या, पानंच्या पानं.

मी पडद्यावरची ती ओळ पाहिली आणि हातातला कप खाली ठेवला. कारण ती ओळ मला पाठ होती. बरोबर तीन आठवड्यांपूर्वी माझ्या पुण्याच्या यंत्रानं तीच ओळ दाखवली होती. माझ्या प्रोग्रामनं दोन दिवसांत दोषी बदलसुद्धा शोधला होता. मी कुणालाही कळवलं नव्हतं. दुरुस्तीही आपणच लिहायची आणि बिघाड आणि उपाय दोन्ही एकदम आपल्या नावानं पाठवायचे, असं मी ठरवलं होतं. दुरुस्ती अर्धी झाली होती आणि लॅपटॉपमध्येच माझ्याबरोबर आली होती.

"अवघड आहे," एवढंच मी काकांना म्हणालो.

शुक्रवार, मालवीय नगर

गट जमायचा तो मालवीय नगरात, एका कोचिंग क्लासच्या वरच्या खोलीत. वाटेत वसुधानं कांद्याची कचोरी खाऊ घातली. एवढी मोठी आणि इतकी तिखट, की बोलणंच बंद झालं. आमच्याकडची कचोरी फरसाणाच्या डब्यात महिनाभर टिकते, ही मात्र हातात घेतल्यावर दोन मिनिटांत संपवावी लागते. मी दुसरी मागितली.

खोलीत भिंतीवर एक फळा होता. त्यावर अकरा घरांची नावं आणि प्रत्येकापुढे आजचा निकाल. कुणी दवाखान्यातलं जुनं यंत्र दिलेलं, कुणी मुलगा परदेशी गेल्यावर पडून राहिलेलं. मी फळा पाहत उभा राहिलो. माझ्याकडे असा फळा असता तर त्यावर एकच नाव असतं.

तिथे मला शेखावत भाभी भेटल्या. विद्याधर नगरात राहणाऱ्या, शाळेत गणित शिकवणाऱ्या, डोक्यावरून पदर आणि हातात मार्करपेन. फळ्याचा कारभार त्यांच्याकडे. त्यांनी मला इथला नियम समजावला.

"दो घर, भैया. एक घर में गिरा तो फळ्यावर, दो घर में गिरा तो बाहर चिठ्ठी." फळा हा एक शब्द त्यांनी वसुधाकडून उचलला होता.

नियमाची गोष्टही त्यांनीच सांगितली, हसत हसत. पहिल्या वर्षी त्यांच्या घरचं यंत्र रोज सकाळी ठरावीक वेळी बंद पडायचं. गटानं आठवडाभर परदेशी लोकांना अहवालामागून अहवाल पाठवले. तिकडची दोन माणसं कामाला लागली. शेवटी कळलं की यंत्र आणि मिक्सर एकाच प्लगवर होते आणि भाभी रोज त्या वेळी चटणी वाटायच्या. वसुधानं जाहीर माफी मागितली. तेव्हापासून दोन घरांत पडल्याशिवाय जयपूरहून काहीही बाहेर जात नाही, आणि म्हणूनच जयपूरचं काही गेलं की लोक हातातलं काम टाकून वाचतात.

मला हे आवडलं, आणि आवडलं म्हणून जास्तच झोंबलं. माझ्याकडे असा नियम करायचा तर दुसरं घर आणायचं कुठून?

मग भाभींनी फळ्यावर काकांच्या नावापुढे बोट ठेवलं. तिथे तीन आठवडे लाल खूण होती आणि दुसऱ्या कुठल्याही घरी नव्हती. नियमाचा पुढचा भाग असा, की इतके दिवस एकाच घरात पडत राहिलं तर ते यंत्रच आजारी धरायचं आणि फळ्यावरून पुसायचं. चुकीची घंटा वाजवणारं घर सगळ्यांचा वेळ खातं. रविवारपर्यंत मुदत होती.

"बाबांना माहीत आहे?" मी वसुधाला विचारलं.

"नियम बाबांनीच लिहिला आहे," ती म्हणाली. "मतलब, अक्षर त्यांचंच आहे." मग म्हणाली, "दुसरं यंत्र घेऊन देईन मी, पण ते नाही म्हणतात. म्हणतात, हे खोटं बोलत नाही."

माझा लॅपटॉप माझ्या मांडीवरच होता. नुसतं झाकण उघडायचं होतं. मी विचार केला, अजून दोन दिवस आहेत. दुरुस्ती पुरी होईल, मग सांगू. असं स्वतःला सांगताना मला ते पटलंही.

शनिवार, विद्याधर नगर

त्या दिवशी भोगी. जयपुरात बाजरी चांगली मिळते, त्यामुळे काकांनी पहाटेच तीळ लावून भाकऱ्या थापल्या होत्या आणि भोगीची भाजी केली होती. पुण्यात गेली चार वर्षं आमच्याकडे भोगीला पोळीच होते. अकोल्याचा माणूस राजस्थानात बसून भोगी करतो आणि मी पुण्यात करत नाही, हेही त्या दिवशीच्या हेव्यात जमा झालं.

जेवण होईपर्यंत गच्च्यांवर पतंग चढले होते. संक्रांतीला एक दिवस असताना सगळं शहर आकाशाकडे बघत चालत होतं. तेवढ्यात कुणाचा तरी पतंग काकांच्या टेलिफोनच्या तारेत अडकला, पलीकडच्या गच्चीवरून त्यानं जोर लावला आणि तार खाली आली. इंटरनेट गेलं. काका बाहेर येऊन वर बघून, पतंग कापल्यावर ओरडतात तसे ओरडले, "वो काटा!" आणि स्वतःच हसत आत गेले. माझ्या घरची तार अशी तोडली असती तर मी आठवडाभर बोललो नसतो.

काकांनी बांधलेला शेवटचा कर्नल भाभींच्या यंत्रावर चालवून पाहायचा होता. मग तो पेन ड्राइव्हवर घेऊन वसुधा आणि मी स्कूटरवरून निघालो, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. "गळ्याला मफलर गुंडाळ," ती म्हणाली, "मांज्यानं कापतं." मी ऐकलं नाही. एका चौकात हनुवटीवर काहीतरी सर्रकन गेलं आणि बोट लावलं तर रक्त. वसुधानं स्कूटर थांबवली, स्वतःचा मफलर काढून माझ्या गळ्याला दोन वेढे दिले आणि पुढे निघाली.

भाभींच्या घरी आम्ही दुपारभर बसलो. तिळाची गजक आणि शेवयांसारखी गोड फीणी समोर येत होती. भाभी यंत्र चालू करायच्या, ते सुरू व्हायचं, कागदावर एक रेघ, बंद, पुन्हा चालू. दहा झाल्या, वीस झाल्या. मला पहिल्या रेघेआधीच माहीत होतं की हे यंत्र पडणार नाही, कारण डिस्क चालवणारी चिप त्यात वेगळी होती. माझ्या आणि काकांच्या यंत्रात ती एकच होती. तिसाव्या रेघेला भाभींनी डोळे चोळले.

"पुणे में आपके कितने घर हैं, भैया?"

"एकच," मी म्हणालो.

"अकेले करते हो?" त्यांनी विचारलं. त्या आवाजात टोमणा नव्हता, आणि असता तर बरं झालं असतं.

चाळीस रेघा झाल्या. वसुधानं कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. आम्ही परतीच्या वाटेला लागलो. मी मागे बसून तिच्या मफलरमध्ये हनुवटी खुपसून होतो आणि मला तिचाच हेवा वाटत होता. तिच्याकडे काळजी करण्यासारखं माणूस होतं, यंत्राच्या निमित्तानं का होईना.

रविवार, गच्चीवर

संक्रांतीला जयपुरात कुणी घरात सापडत नाही, म्हणून बैठक काकांच्या गच्चीवर ठेवली होती. चहूकडच्या गच्च्यांवर माणसं, भोंग्यांवर गाणी, दर मिनिटाला कुठूनतरी "वो काटा!". भाभींनी फळा उचलून आणला होता आणि पाण्याच्या टाकीला टेकवून ठेवला होता. अकरा घरांतली वीस-बावीस माणसं सतरंजीवर बसली.

आधी माझा प्रोग्राम दाखवायचा असं ठरलं होतं. मी लॅपटॉप उघडत होतो, एवढ्यात काका गुडघ्यावर हात ठेवून उठले.

"पयले माझं उरकून घ्या जी," ते म्हणाले. मग हिंदीत सगळ्यांना उद्देशून, ऑफिसात निवेदन द्यावं तसं, ते बोलले. त्यांच्या घरी तीन आठवडे बिघाड दिसतो आहे, दुसऱ्या घरी दिसत नाही. भाभींनी काल चाळीस वेळा पाहिलं, त्यांचे आभार. नियम नियम आहे. सबब त्यांचं नाव पुसावं. मग फळ्यापाशी गेले आणि रुमालानं स्वतःच पुसायला लागले.

मला दया आली आणि मी बोललो असं लिहायला आवडलं असतं. पण तसं झालं नाही. त्या क्षणी सगळी गच्ची त्या म्हाताऱ्या माणसाकडे ज्या मायेनं पाहत होती ती मला सहन झाली नाही. चूक नसताना तो हरत होता आणि तरी सगळ्यांचा होता. माझ्याकडे पुरावा होता आणि मी कुणाचाच नव्हतो. मी जवळजवळ ओरडलोच, "थांबा. माझ्याकडे पडलाय. पुण्यात. हीच ओळ."

लॅपटॉपवर मी निकाल उघडला. तीच ओळ, तीच चिप, दोषी बदलाचं नाव. माणसं उठून भोवती आली. मला वाटलं होतं, आता टाळ्या पडतील. वसुधा सगळ्यांत पुढे होती. तिनं ओळ वाचली, मग ओळीशेजारची तारीख वाचली. मग माझ्याकडे पाहिलं आणि बाजूला झाली.

काका चष्मा लावून वाकले. बराच वेळ वाचत होते. त्यांनीही तारीख वाचली, कारण बोट तिथे थांबलेलं मी पाहिलं.

"म्हणजे दोन घरं झाली जी," ते म्हणाले. मग वळून सगळ्यांना, "पडलं बाप्पा दुसऱ्या घरात! पुण्यात पडलं!" भाभींनी मार्कर काढून अर्धवट पुसलेलं नाव पुन्हा ठळक केलं. कुणीतरी तिळाचे लाडू फिरवले. काकांनी खिशातून हलव्याची पुडी काढून माझ्या हातावर चार दाणे ठेवले आणि संक्रांतीला म्हणायचे ते शब्द म्हणाले. मी ते दाणे तोंडात टाकू शकलो नाही, मुठीत धरून बसलो.

माझ्या प्रोग्रामचं सगळ्यांनी कौतुक केलं. अकराही घरी तो वापरायचा असं ठरलं, आणि गटासाठी आजवर स्वतः लिहिलेला प्रोग्राम सोडायला पहिला हात वसुधानं वर केला. दोन वर्षं मला हेच हवं होतं.

जिन्यात ती एकटी भेटली. "तू गुरुवारी आलास," ती म्हणाली. "बाबांनी गुरुवारीच तुला दाखवलं."

"हो."

"मतलब…" तिला पुढचा मराठी शब्द मिळेना, की मिळाला आणि तिनं गिळला, मला कळलं नाही. "रिपोर्टमध्ये आधी ज्याला दिसलं त्याचं नाव पहिलं लागतं. तारखेसकट."

"तारीख टाकायलाच हवी का?" मी विचारलं. एवढ्या वर्षांच्या ओळखीत तिच्याकडे काही मागायची ती माझी पहिली वेळ.

"बाबांनी वहीत लिहून घेतली आहे," ती म्हणाली आणि वर गेली.

पुणे

परतल्यावर तिसऱ्या दिवशी अहवाल जाहीर यादीवर आला. पहिलं नाव माझं. दुसरं काकांचं. दोन्हींपुढे तारखा. माझं नाव पहिलं, हे मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला दाखवून आलो. तारखा तिनं पाहिल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी कर्नलच्या त्या भागाची देखभाल करणाऱ्या परदेशी गृहस्थांचं उत्तर आलं. त्यांनी आभार मानले होते, दोषी बदल मागे घेतला होता आणि शेवटी सरळ विचारलं होतं: पहिल्या तारखेनंतर एवढे दिवस हे कुणी कळवलं का नाही? मधल्या काळात हाच बदल कितीतरी लोकांच्या यंत्रांवर गेला.

दिवसभर मी उत्तर लिहीत होतो आणि खोडत होतो. दुरुस्ती चालू होती. खात्री करायची होती. प्रवासात होतो. सगळीच वाक्यं थोडी थोडी खरी होती.

संध्याकाळी यादी पुन्हा उघडली तर उत्तर आधीच गेलं होतं. काकांनी लिहिलं होतं, विमा कचेरीच्या इंग्रजीत. मराठीत ते असं होईल: 'आमच्या गटात दोन घरांत बिघाड दिसल्याशिवाय बाहेर कळवत नाहीत. श्री. श्रीकांत यांचं पहिलं घर. दुसरं घर माझं. माझ्या बाजूनं विलंब झाला, त्याबद्दल दिलगीर आहे.'

मी ते तीनदा वाचलं. तारखा त्यांनीच वहीत लिहून घेतल्या होत्या, त्यामुळे विलंब कुणाचा हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मला त्या माणसाचा इतका हेवा वाटला की आधीचे सगळे हेवे त्यापुढे पोरकट वाटले. असं पत्र मला आयुष्यात लिहिता आलं नसतं.

मग त्यांच्या उत्तराखाली मी लिहिलं: 'दुसऱ्या घराला उशीर झालेला नाही. पहिल्या घरानं तीन आठवडे सांगितलंच नाही.' खाली माझं पूर्ण नाव घातलं आणि पाठवून दिलं.